नाव न घेतलेला घाव

जपानच्या डोंगरांत, जिथे समुद्राकाठचं मीठ हमालांच्या पाठीवरून वर चढतं, तिथे किरिहाशी नावाचं एक गाव होतं. त्या गावात इसाकू नावाचा एक तलवारबाज राहायचा. वय तिशीचं, हात विजेसारखा, पण पाय काही जागेवर ठरायचे नाहीत. अर्धं जेवण तो उभ्यानंच जेवायचा. कुणी गोष्ट सांगायला बसलं की हा शेवट आधी विचारायचा. आज तो इथे ऐकायला नाही, हे माझं नशीबच.

गावाशेजारी खोल दरी होती आणि दरीवर लाकडी पूल. पुलावरून मिठाचे हमाल यायचे आणि त्या मिठावर डोळा ठेवून दरोडेखोर टपलेले असायचे. सकाळी दरीतून धुकं वर यायचं ते दुपारपर्यंत हटायचं नाही. स्वतःचा लांब केलेला हात स्वतःला दिसू नये, असं दाट धुकं. अशा धुक्यात, तीन माणसं खांद्याला खांदा लावून जेमतेम मावतील एवढ्या पुलावर, गावकऱ्यांना लढावं लागायचं. त्या गरजेतून त्यांनी आपली एक तलवारीची शैली घडवली. तिला लोक किरिहाशी शैलीच म्हणत.

या शैलीत नऊ डाव होते. त्यांची जपानी नावं चांगली लांबलचक आहेत. ती घेताना माझीच जीभ अडखळते, म्हणून मी आपली मराठीत सांगतो. पहिला 'तिरपा पाऊस'. तो डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत एका रेषेत उतरायचा. 'बगळ्याची मान' म्हणजे कोपर आखडून घ्यायचं आणि एकदम पुढे खुपसायचं. 'खंड्याची बुडी' वरून खाली यायची आणि समोरच्याला कळायच्या आत परत वर गेलेली असायची. 'सासूबाईंचं दार' हा तर निव्वळ बचाव. तलवार जराशी बाजूला घेऊन वाट मोकळी करायची, समोरचा आशेनं आत आला की धाडकन मिटायची. हे नाव कुणा जावयानं ठेवलं की सुनेनं, ते गावात कुणी सांगत नाही.

आणि सातवा, सगळ्यांत धोक्याचा, 'सुटलेला बांबू'. वाकवून धरलेला बांबू हातातून सुटला की सपकन आडवा फिरतो. तशी तलवार डावीकडून उजवीकडे छातीच्या उंचीवर अर्धं वर्तुळ घेत फिरायची. समोरचे दोघं-तिघं एका दमात मागे हटायचे. अडचण एवढीच, की उजवीकडे उभा असलेला आपलाच माणूसही त्या वर्तुळात यायचा.

म्हणून या लोकांचा एक नियम होता. घाव मारण्याआधी त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. आपल्याकडे नवी नवरी नाव घेताना लाजते, हे लोक मात्र दरी दुमदुमेल असं नाव घ्यायचे. 'सुटलेला बांबू!' असं कानावर पडलं की शेजाऱ्यानं क्षणाचाही विचार न करता गुडघ्यावर बसायचं. 'बगळ्याची मान!' ऐकलं की अर्धं पाऊल बाजूला. धुक्यात डोळ्यांचा काही उपयोग नसतो, तिथे सगळी भिस्त कानांवर. नाव ऐकूनही जो हलला नाही, त्याला लढणाऱ्यांच्या रांगेतून कायमचं उतरवत, कारण ज्याला ऐकू येत नाही तो पुलावर स्वतःही मरतो आणि दुसऱ्यालाही घेऊन जातो. आणि नाव न घेताच कुणी घाव मारला तर? त्याला नियमच नव्हता. असं कुणी करेल, हे शंभर वर्षांत कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

पुलावर इसाकू डावीकडे उभा राहायचा. त्याच्या उजवीकडे, म्हणजे मधोमध, त्याचा लहानपणापासूनचा मित्र मोहेई. आणि पलीकडे म्हातारा तोकुजी. मोहेई अंगानं थोराड, हालचालीत मंद, पण त्याचे कान असे तीक्ष्ण की धुक्यात नुसत्या पावलांवरून तो सांगायचा, हा अमुक हमाल, याच्या डाव्या चपलेचा बंद तुटलाय. गाव त्याच्या कानांचं कौतुक करायचं आणि मोहेई लाजून कान चोळायचा.

या शैलीच्या मुख्य होत्या ओताने नावाच्या एक बाई. सत्तरीच्या, चणीनं इवल्याशा, पण त्यांनी 'खंड्याची बुडी' मारली की चांगले धट्टेकट्टे गडी जमीन चाटायचे. गुरूला तिकडे 'सेन्सेई' म्हणतात. सगळं गाव त्यांना सेन्सेई म्हणायचं. शरद ऋतूत आपली काळी काठी कुणाच्या तरी हाती देऊन मोकळं व्हायचं, असं त्यांनी जाहीर केलं होतं. ज्याच्या हाती काठी, तो पुलाचा आणि शैलीचा प्रमुख. काठी इसाकूकडेच जाणार हे सगळे धरून चालले होते. इसाकू तर वसंतापासूनच दिवस मोजत होता.

त्या वसंतात खालच्या किल्ल्याच्या गावी लाकडी तलवारींच्या लढती भरल्या. इसाकू गेला. पहिल्याच लढतीत त्यानं सवयीनं पाय रोवले आणि दणदणीत आवाजात नाव घेतलं, "बगळ्याची मान!"

समोरचा आरामात बाजूला सरकला, इसाकूच्या पाठीत एक फटका दिला आणि लोकांकडे वळून म्हणाला, "ऐकलंत का? कोंबडा आरवला. उजाडेल आता!"

सगळं मैदान हसलं. बायका पदरात तोंड लपवून हसल्या म्हणावं तर तिकडे पदर नसतो, म्हणून बाहीत तोंड लपवून हसल्या. इसाकूच्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. दुसऱ्या लढतीत नाव त्याच्या गळ्याशी आलं आणि त्यानं ते गिळलं. तलवार आपसूक पुढे गेली. समोरचा आडवा झाला. तिसऱ्यात तेच, चौथ्यात तेच. नाव घ्यायला जो एक श्वास जायचा, तो वाचला होता. संध्याकाळपर्यंत मैदान त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होतं.

गावी परतल्यावर तालमीत तो सगळ्यांसारखीच नावं घ्यायचा, कारण समोर सेन्सेई असायच्या. पण आता प्रत्येक नाव त्याला गळ्यात अडकलेल्या काट्यासारखं वाटायचं. बाजूचा मोहेई घसा फोडून 'तिरपा पाऊस!' ओरडला की इसाकूला मैदानातलं ते हसू ऐकू यायचं. कसले आपण कोंबडे, असं वाटून तो चिडायचा. त्याला तालमीत थांबवेना, घरी बसवेना. दिवसातून दहा वेळा तो पुलापर्यंत जायचा आणि परत यायचा.

उन्हाळ्याच्या तोंडाला दरोडेखोर आले. सकाळची वेळ होती, धुकं भरलेलं होतं, पुलाच्या मागे मिठाचे हमाल बसून होते. खाली नदी नुसती घोंघावत होती. धुक्यातून सावल्या पुढे आल्या तसा मोहेईचा आवाज उठला, "बगळ्याची मान!" इसाकूचं पाऊल सवयीनं बाजूला झालं. मोहेईची तलवार पुढे गेली, पलीकडे कुणीतरी किंचाळलं.

त्याच वेळी डाव्या कठड्याच्या बाजूनं दोन सावल्या इसाकूच्या अंगावर आल्या. सातव्या डावाचीच ती वेळ होती. नाव त्याच्या गळ्याशी आलं. मग गळ्याशीच त्याला ते हसू आठवलं, आणि त्यानं नाव गिळलं.

बांबू सुटला. पहिली सावली कोसळली, दुसरी पळाली. तलवार तशीच फिरत उजवीकडे गेली आणि कशात तरी लागली.

"अरे?" मोहेई म्हणाला. कुणी काहीतरी विचारावं तसा.

पुढे लढाई चारदोन क्षणांतच संपली. दरोडेखोर पळाले, मीठ वाचलं. मोहेई मात्र पुलावर बसला होता. त्याच्या उजव्या हातावर कोपराच्या खाली खोल घाव होता. ओताने सेन्सेई धावत आल्या. त्यांनी आधी हात घट्ट बांधला, मग मान वर केली.

"इसाकू, कुठला डाव?"

"सुटलेला बांबू."

"नाव घेतलं होतंस?"

इसाकूचं सगळंच झटपट. उत्तरही विचाराच्या आधी बाहेर पडलं.

"घेतलं."

सेन्सेईंनी तोकुजीकडे पाहिलं. म्हातारा म्हणाला, "मी स्वतःच ओरडत होतो, सेन्सेई. माझ्या कानांत नुसती नदी होती."

"घेतलं असणारच," मोहेई पांढऱ्या पडलेल्या ओठांनी म्हणाला. "हा काय नाव न घेता मारेल? मीच ऐकलं नाही. इसाकू, माफ कर रे बाबा. माझ्यापायी तुझ्या तलवारीला घरचं रक्त लागलं."

इसाकू खाली वाकून तलवार पुसू लागला.

मोहेईचा हात वाचला. पण बोटांतला जोर गेला, मूठ वळेना. नियमाप्रमाणे त्याला रांगेतून उतरवण्यात आलं, तेही हातासाठी नाही, तर कानांसाठी. मोहेईनं ते मुकाट्यानं मान्य केलं. त्याच्या जागी दुसरा एक गडी आला. काठी शरदात इसाकूलाच द्यायची, यात काही बदल झाला नाही.

इकडे इसाकूनं मनाशी हिशेब जुळवायला सुरुवात केली. हात तर गेलाच आहे, आता खरं सांगून तो परत येणार आहे का? धुक्यात असं व्हायचंच. आणि मी नसतो तर त्या दोन सावल्यांनी तिघांनाही कापलं असतं. अशी एकेक समजूत तो उभी करायचा. समजूत सकाळी पक्की वाटायची आणि दुपारच्या जेवणापर्यंत ढासळायची. मग तो दुसरी शोधायला निघायचा. डोळ्याला डोळा लागेना. तलवार एकदा पाजळायची ती तीनतीनदा पाजळू लागला. गावातले लोक कौतुकानं म्हणायचे, काठीची ओढ लागलीय हो त्याला.

आठ-दहा दिवसांनी तो मोहेईकडे गेला. दारातूनच त्याला एक विचित्र प्रकार दिसला. मोहेई पाठ करून बसला होता आणि त्याची बायको ओफुमी मागे पितळी परातीत लाल चवळीचे दाणे एकेक करून टाकत होती.

"किती?" तिनं विचारलं.

"सात."

"सातच टाकले. आता तरी झालं समाधान?"

"घरात येतं गं ऐकू. पुलावर येत नाही."

ओफुमीनं इसाकूला पाहिलं आणि तिचा बांध फुटला. "या इसाकू-सान, तुम्हीच समजवा यांना. किल्ल्याच्या गावाहून वैद्य आणला. वैद्य म्हणाला, कान ठणठणीत आहेत, असे कान मी पाहिले नाहीत. तर हे त्याला काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणे, इसाकूनं नाव घेतलं होतं आणि मला ऐकू आलं नाही, आता तुमचं खरं धरू की त्याचं? रोज कानांत कोमट तिळाचं तेल घालतात, कापूस कोंबतात. पोरीला ओढ्यावर न्यायचं बंद केलंय. म्हणतात, ती पाण्यात पडून ओरडली आणि मला कळलंच नाही तर?"

"बरोबरच आहे," मोहेई म्हणाला. "ज्याला मित्राचा आवाज ऐकू येत नाही, त्याला लेकीचा येईल कशावरून?"

"इसाकू-सान," ओफुमीनं विचारलं, "त्या दिवशी तुम्ही नाव किती मोठ्यानं घेतलं होतंत? जरा हळू निघालं असेल का? तसं असेल तर सांगा. त्यांच्या जिवाला बरं वाटेल."

बघा, बाईनं दार अर्धं उघडून दिलं होतं. आत पाऊल टाकायचं तेवढं बाकी होतं. इसाकूनं मोहेईच्या कानांतल्या त्या तेलकट कापसाकडे पाहिलं. मग त्याच्या डोळ्यांसमोर ती काळी काठी आली.

"नेहमीसारखंच घेतलं होतं," तो म्हणाला.

मोहेईनं मान हलवली. "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

मला विचाराल तर पहिलं खोटं घाईतलं होतं. हे दुसरं मात्र त्यानं पाहून, समजून सांगितलं. त्या दिवसापासून इसाकूला चैन म्हणून पडेना. तो पहाट फुटली की मोहेईच्या दारी हजर व्हायचा. त्याची लाकडं फोडायचा, पाणी भरायचा, छपराचं गवत बदलायचा, बाग खणायचा. जे सांगायचं ते सोडून तो बाकी सगळं करत होता. एवढा राबायचा की ओफुमीला संकोच वाटायचा. गावातल्या म्हाताऱ्या आपल्या नातवंडांना दाखवायच्या, मैत्री असावी तर अशी. ते ऐकलं की इसाकू कुऱ्हाड टाकून तडक डोंगराकडे चालायला लागायचा. वर पोचला की खाली यावंसं वाटायचं, खाली आला की वर.

एकदा तो निर्धार करून ओताने सेन्सेईंकडे गेला. त्या अंगणात मुळे वाळत घालत होत्या. इसाकू त्यांच्यासमोर बसला आणि यंदा थंडी लवकर पडणार, यावर बराच वेळ बोलला. मग उठला.

सेन्सेई म्हणाल्या, "हल्ली तुझा पाय ठरत नाही."

"तो कधी ठरला होता, सेन्सेई?"

"पूर्वी तू कुठेतरी जायला निघालेला दिसायचास. आता कुठून तरी पळून आलेला दिसतोस."

इसाकू हसला, नमस्कार केला आणि बाहेर पडला.

शरदाचा तो दिवस उजाडला. काठी देण्याचा विधी पुलावरच व्हायचा, आणि तोही धुक्यात. वारसदार पुलाच्या अलीकडच्या टोकाला उभा राहून नऊ डावांची नावं घ्यायचा. पलीकडच्या टोकाला रांगेतले गडी डोळे मिटून उभे राहायचे आणि नुसत्या आवाजावर हलायचे. कुणी गुडघ्यावर, कुणी बाजूला. नऊही नावं नीट पोचली की पलीकडून एकच आरोळी यायची, "ऐकलं!" मग काठी हातात. काठावर धुकं विरळ असायचं, तिथे गावकरी दाटीवाटीनं बसलेले असायचे.

इसाकूनं पहिलं नाव घेतलं. "तिरपा पाऊस!"

नाव दरीत घुमून गेलं, आणि लगेच त्याच्या मागे, काठावरून, एका बाईचा दबका आवाज आला, "तिरपा पाऊस."

"बगळ्याची मान!" इसाकू ओरडला.

"बगळ्याची मान," मागून तोच आवाज.

हे काय चाललंय म्हणून इसाकूनं वळून पाहिलं. जवळच काठावर मोहेई बसला होता, कानांत कापूस, मांडीवर निकामी हात. आणि ओफुमी त्याच्या कानाशी तोंड नेऊन प्रत्येक नाव त्याला पुन्हा सांगत होती. अख्ख्या गावासमोर. पावलांवरून माणूस ओळखणारा मोहेई खाली मान घालून बायकोकडून नावं ऐकून घेत होता. मध्येच त्यानं तिला विचारलं, "कितवं झालं?"

इसाकूनं तिसरं घेतलं, चौथं घेतलं. प्रत्येक नावामागे तो दबका आवाज यायचाच. सहाव्याला आवाज फाटला. लोकांना वाटलं, आनंदानं भरून आलंय.

सातवं नाव गळ्याशी आलं. बरोबर तिथेच, जिथे त्यानं ते एकदा गिळलं होतं. पलीकडे गडी डोळे मिटून वाट पाहत होते. सेन्सेईंच्या हातात काठी होती. या नावानंतर दोनच नावं उरली होती.

मग इसाकू वळला. पुलाकडे पाठ, गावाकडे तोंड.

"सुटलेला बांबू!" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की खालची पाखरं उडाली. "मोहेई, हे नाव तुला ऐकू आलं नाही, कारण मी ते घेतलंच नव्हतं. मी गिळलं. लोक हसतात म्हणून गिळलं. सेन्सेईंशी मी खोटं बोललो, तुझ्या घरात बसून पुन्हा खोटं बोललो. तुझे कान चांगले आहेत, मोहेई. ते कधीच बिघडले नव्हते."

ओफुमी मोहेईच्या कानाशी वाकलेलीच होती.

मोहेईनं डाव्या हातानं तिला हळूच बाजूला केलं. एका कानातला कापूस काढला, मग दुसऱ्यातला. उठून तो इसाकूच्या पुढ्यात येऊन उभा राहिला.

"परत सांग."

"ऐकू नाही आलं?" सेन्सेईंनी विचारलं.

"आलं. पण चार महिने मी माझ्या कानांवर विश्वास ठेवला नाही. म्हणून परत सांग म्हणतोय."

इसाकूनं परत सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. मोहेई ऐकत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ऐकून झाल्यावर त्याचा चेहरा लाल झाला.

"हाताचं मी काही म्हणणार नाही," तो म्हणाला. "पुलावर हात जातात. पण चार महिने मी माझ्या पोरीची हाक ऐकून घाबरत होतो, की ही खरी की माझ्या मनाची? तू माझं पाणी भरत होतास आणि हे बघत होतास. मी तुझ्या शेजारी पुन्हा उभा राहणार नाही."

"नको राहूस," इसाकू म्हणाला.

ओताने सेन्सेईंनी काठी आपल्या कुशीत ओढून घेतली. "आणखी काही वर्षं मला जगावं लागणार म्हणायचं," त्या पुटपुटल्या. मग त्यांनी त्या नियमाची जागा भरली, जी शंभर वर्षं रिकामी होती. नाव न घेता घाव मारणाऱ्यानं तलवार ठेवायची. रोज सकाळी पुलाच्या टोकाला उभं राहायचं आणि धुक्यात चाचपडत येणाऱ्या हमालांना आवाज देऊन वाट दाखवायची. हातात काही नाही, फक्त आवाज.

"किती दिवस, सेन्सेई?" इसाकूनं विचारलं.

"ते मोहेई सांगेल."

मोहेईला त्याच दिवशी रांगेत परत घेतलं. उजवी मूठ वळत नव्हती, म्हणून त्यानं डाव्या हातानं तलवार धरायला सुरुवात केली आणि पहिल्यापासून सगळं शिकला. इसाकूशी मात्र तो बोलेना. एक वर्ष गेलं, दोन गेली. इसाकू रोज सकाळी पुलाच्या टोकाला उभा राहून हाका देत होता. पहिल्या वर्षी येणारेजाणारे हसायचे. दुसऱ्या वर्षी हमाल धुक्यात शिरण्याआधी त्याचा आवाज येतोय ना, हे बघून मगच पाऊल टाकायचे.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी मोहेई त्याच्यासमोर येऊन थांबला. हातात इसाकूची जुनी तलवार होती.

"उद्यापासून रांगेत ये," तो म्हणाला. "पण आता डावीकडे मी. तू माझ्या उजवीकडे. सातवा डाव मी मारणार. नाव मी घेईन, आणि गुडघ्यावर तू बसायचं."

इसाकूनं दोन्ही हातांनी तलवार घेतली आणि तो उजवीकडे जाऊन उभा राहिला.

तात्पर्य: आपण लपवलेली चूक नाहीशी होत नाही, ती कुणातरी भल्या माणसाच्या पदरात जाऊन पडते आणि तो बिचारा स्वतःमध्येच खोट शोधत बसतो. म्हणून आपल्या चुकीचं नाव आपणच घ्यावं, आणि लवकर घ्यावं.